हाताचे टक्के

वकिलांनी कागदावर भरपाईचं गणित मांडून दाखवलं होतं. आधी महिन्याचा पगार, तोही कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच. त्याचे साठ टक्के. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. माणूस जितका तरणा, तितका आकडा मोठा. आणि कमवायची ताकद जितके टक्के गेली, तेवढाच त्यातला वाटा हातात.

"पगार आणि वय तर ठरलेलंच आहे, वहिनी," ते म्हणाले. "टक्के डॉक्टर ठरवणार. सगळं त्यावर आहे."

महाडच्या कारखान्यात यांचा उजवा हात मशीनमध्ये सापडला होता. बोटं वाचली, पण ताठ झाली. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, आणि पोरीला नर्सिंगला जायचं होतं.

तपासणीच्या दिवशी पोलादपूरला एसटीत बसल्यापासून मी एकच पालुपद लावलं होतं. "जमत नाय ते जमत नाय म्हणा. उगाच मर्दुमकी नको." हे आपले खिडकीबाहेर बघत होते. कंत्राटदारानं कानात भरवलं होतं, हात चालला तर परत कामावर घेतो. म्हणून महिनाभर हे घरामागच्या परड्यात बसून कोयती धरायची सवय करत होते. काय बोलायचं अशा माणसाला!

डॉक्टर म्हणाले, "ग्लास उचला." यांनी भरलेला ग्लास उचलला. थेंब सांडला नाही. "आता ती पिशवी." तीही उचलली, आणि वर माझ्याकडे बघून हसले. डॉक्टर लिहीत होते. अरे देवा, हा माणूस आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय!

"डॉक्टर, यांच्या शर्टाची बटणं मी लावते," मी बोलून गेले. "आज पण मीच लावली."

"गप गो!" हे ओरडले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. यांच्या शर्टाचं वरचं बटण स्वतः काढलं आणि म्हणाले, "लावा बघू."

यांनी डाव्या हातानं काजाची बाजू धरली. उजवी बोटं बटणावरून घसरत राहिली. एकदा, दोनदा, किती वेळा. कपाळावर घाम आला. मला उठून लावून द्यावंसं वाटत होतं, पण मी खुर्ची घट्ट धरून बसले. शेवटी यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "नाय जमत." डॉक्टरांनी आधीचा आकडा खोडला.

परतताना एसटीत हे वेगळ्या सीटवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटणं लावायला गेले, तर हे टी-शर्ट घालून तयार. पुढं पैसे आले, पोरगी नर्सिंगला गेली. माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण तिला कॉलेजात सोडायच्या दिवशी मी चांगला पांढरा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला होता. आम्ही घरी परत आलो, तेव्हाही तो तिथंच होता.