मनकर्णानं डॉक्टरले दारात थांबवलं

अकोल्यात माह्या बहिणीसारखी नर्स झाली नाही. भाऊ हाओ म्हणून फुगवून सांगून राहिलो, असं कोणाले वाटत असन तर वाटू द्या. मी डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. मी देवराव, वलगावचा, शाळा चौथीपर्यंत. पण मनकर्णाले नर्सिंग शिकाले अमरावतीले घातलं ते म्या. छप्पनले आमी दीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्याच साली. सोयरे म्हणत, पोरीले लोकायचे गू-मूत काढाले धाडतं काय? म्या म्हटलं, तुमच्या पोरी कोणते सिंहासन सांभाळून राहिल्या ते सांगा.

तिची नेमणूक अकोल्याले झाली, गावाबाहेरच्या साथीच्या दवाखान्यात. बहीण परक्या गावात एकटी कशी ठेवाची, म्हणून म्या बी तिथंच कापसाच्या एका जिनात काम धरलं. दुपारच्या सुट्टीत तिचा डबा मीच नेऊन देत जाओ.

एकसष्टच्या हिवाळ्यात घटसर्प लय होता. लेकरायच्या घशात पांढुरकी साय धरे अन् वाढत वाढत दमाची वाट बंद करे. मंग डॉक्टर गळ्याले समोरून लहानसं भोक पाडून त्यात नळी बसवत. नळी आत गेली की लेकरू खोकले, अन् आतली सारी घाण पिचकारीवानी समोरच्याच्या तोंडावर ये. दिवाळीच्या आधी सत्यभामा नावाची नर्स अशीच त्या खोकल्याखाली सापडली. मनकर्णाच्याच खोलीत राहे ते. नवव्या दिवशी गेली. तिले शेवटची आंघोळ मनकर्णानंच घातली. बाहेर आली अन् मले म्हणाली, "भाऊ, आता गळ्याच्या कामाच्या खोलीतून कोणी रोग घेऊन जाणार नाही."

तोंडाले बांधाले दवाखान्याची जाळीची पट्टी होती, पण तिच्यातून पीठ चाळून घ्या. आमी जिनात रुईची धूळ नाकात जाऊ नये म्हणून चारपदरी फडकं बांधतो, ते तिनं पाहिलेलं होतं. म्हणजे मूळ अक्कल माही. तिनं पदर आठ केले, मधात कापूस भरला, चार नाड्या लावल्या. असे फडके उकळून, वाळवून, डब्यात घालून दाराशी ठेवले. डोळ्याले मोटार चालवणाऱ्यायचे धुळीचे चश्मे आणले. दोन्ही बांधल्याशिवाय गळ्याच्या कामाले कोणी आत जायचं नाही. मोठे डॉक्टर भगवंतराव हसत. वीस वर्षं उघड्या तोंडानं गळे कापले म्हणत. हात सोन्याचा, पण डोकं लय गरम.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले असतीन. मी डबा घेऊन पोचलो तर व्हरांड्यात एक बाई लेकरू उराशी धरून धावत आली. बाळापूरकडच्या माळ्याची माणिकबाई. पोरगी जयवंता, पाच वर्षांची. दम घेतला की गळ्याखाली खड्डा पडे अन् शिट्टी वाजे. वार्डबॉय सुट्टीवर. मनकर्णानं पोरीले टेबलावर घेतलं, मले म्हणे डोकं धराले माणूस पाहिजे, फडकं-चश्मा बांध. म्या बांधलं. तेवढ्यात भगवंतराव आले, सरळ दारात.

मनकर्णा दारात आडवी आली. "साहेब, आधी बांधा."

"बाजूला हो. पोरगी जाते आहे."

"पाठ करा इकडं. नाड्या मी पाहून घेईन."

"मेली तर तुझ्यावर येईल."

"येऊ द्या. तुमी सत्यभामाच्या वाटेनं गेले तर उद्याच्या लेकरायचे गळे कोण उघडन?"

माणिकबाई तिच्या पायाशी बसली. "बाई, जाऊ द्या ना त्यायले. निळी पडून राहिली वो."

मनकर्णानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात ढिले पडले असते, हे तिनं मले मागून सांगितलं. माह्या हाताखाली शिट्टी बारीक होत चालली होती. पोरगी गेली असती तर लोकायनं आधी आमची जात काढली असती, फडक्याचं मंग पाहिलं असतं. ते बी तिले माहीत होतं.

डॉक्टरनं पाठ केली. चार नाड्या अन् एक चश्मा. दोन वेळा दम घ्यावा इतकाच वेळ, पण जयवंतानं तेवढ्यात एकच घेतला.

मंग सुरी चालली. नळी गेली. पोरगी खोकलली अन् सायीचा एक करडा तुकडा डॉक्टरच्या चश्म्यावर फटकन चिकटला. बाकीचं त्यायच्या फडक्यावर अन् माह्या. नळीतून हवा सूं करून आत गेली, अन् पाहता पाहता ओठ लाल झाले.

चूक केली ते म्या केली. जिनात फडकं बाहेरून भरलं की आमी उलटं करून परत बांधतो. दिवसातून चार वेळा. हाताले तेच वळण. मी बाजूले झालो, फडकं सोडलं, उलटवलं, ओली बाजू तोंडाकडं करून बांधलं बी. मनकर्णानं पाहिलं. नळी तिच्या बोटात, सोडता येईना.

"भाऊ, दम घेऊ नको," ते हळूच म्हणाली. "मागून सोड. खाली टाक. बाहेर जा."

मंग साबण, गुळण्या, दंडात सुई अन् दवाखान्यामागच्या खोलीत सात दिवस एकटा. रोज सकाळी ते चश्मा-फडकं बांधून ये, चमच्यानं जीभ दाबून बॅटरी मारे. चौथ्या दिवशी माहा घसा दुखाले लागला. त्या दिवशी लय वेळ पाहिलं तिनं. म्या विचारलं काही दिसते काय, तर म्हणे बोलू नको, आ कर. त्या दिवशी ते जेवली नाही, हे मले भांडेवालीनं सांगितलं. पाचव्या दिवशी तोच लाल घसा. सहाव्या दिवशी कमी. सातव्या दिवशी बॅटरी विझवून म्हणाली, "साय नाही. जा कामावर." डॉक्टरचा घसा बी साफ. जयवंताची नळी निघाली होती.

मी जिनात गेलो नाही, व्हरांड्यातच बसलो. मनकर्णा डब्यातले सारे फडके काढून, एकेकाच्या बाहेरच्या अंगाले लाल सुताचा टाका घालून राहिली होती. भगवंतरावनं उभ्या उभ्या विचारलं, हे काय? ते म्हणाली, लाल बाहेर राहाले पाहिजे, म्हणजे उलटवलं तर लांबूनच दिसन.

अजून तसेच शिवतात तिथं. नव्या नर्सनं विचारलं का हा टाका काहून, तर सांगतात का मनकर्णाबाईच्या भावामुळं. सांगू द्या. आमच्या घराण्यात दवाखान्यात नाव निघते असे आमी दोघंच हाओत.