भोंगाअप्पाचा स्पीकर आणि चावडीतला टीव्ही

१९८६ साली मी बेचाळीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण हातात रंधा आला की मी कुणाचं ऐकत नसे. आजही ऐकत नाही. माझ्याहून हट्टी माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो आमचा भोंगाअप्पा.

चाकूरकडच्या आमच्या गावात अप्पा मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खिशात पेचकस. त्याचा एकच नेम होता, "आवाज तोंडातनंच आला पायजे." कीर्तनकार उभा राहिला की अप्पा स्पीकर त्याच्या पायाशी ठेवायचा. माईक शिट्टी मारायचा, तरी अप्पा आवाज कमी करणार, स्पीकर हलवणार नाही. कुणी म्हणालं, झाडावर बांध, तर हा विचारायचा, "महाराज हितं आन बोलणं झाडावर? महाराजाला माकड समजून राहिलास काय?"

लग्न उरकलं की जळलेल्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून तो मांडवाच्या जागेवर ओढत फिरायचा. मातीतले खिळे त्याला मुंग्यांसारखे चिकटायचे. "उद्या लोक अनवाणी जात्यात हितनं," एवढंच बोलायचा.

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. त्या साली गावात लग्नं झाली नाहीत, अप्पाचे बांबू उभ्याउभ्या वाळले. तेवढ्यात चावडीत रंगीत टीव्ही आला. टँकरची वाट बघणाऱ्या बायका रिकाम्या घागरी बाहेर मांडून आत बसायच्या, गडीमाणसं दारात. मागच्यांना काही ऐकू येईना. सरपंचांनी अप्पाला काम दिलं, टीव्हीला स्पीकर जोडायचा. त्या वर्षातलं त्याचं तेवढंच काम. टीव्हीचं कपाट माझ्या हातचं. अप्पानं मला टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन कप्पे करायला लावले, स्पीकर काचेला खेटूनच बसले पाहिजेत म्हणाला. मी केले. बघणारे खूश. बातम्या देणारी बाई खरंच तोंडानं बोलते असं वाटायचं.

काही दिवसांत काचेच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला, मग उजवीकडं जांभळा. तिथं येईल त्या माणसाचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसायचा. चावडीची किल्ली बालवाडीच्या शांताबाईकडं असायची. रोज ती टीव्ही पुसायची. सरपंच म्हणाले, "बाईनं ओलं फडकं मारलं. येत्या आयतवारी किल्ली दुसऱ्याला द्यायची, आन बालवाडीचंबी बघू."

शांताबाई म्हणाली, "ओलं करायला पाणी हाय कुठं सरपंच? प्यायला न्हाई, टीव्हीला आंघोळ कुठनं घालू?" लोक हसले, पण किल्ली काही वाचत नव्हती. किल्ली गेली की बालवाडी जाणार आणि बालवाडी गेली की तिची चूल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटाची बिजागरी बघायला गेलो. अप्पा टीव्ही लावून समोर बसला होता. त्यानं डावा स्पीकर कप्प्यातून हळूच काढला, परत आत सारला. डाग हलला. पाण्यावर तेल हलतं तसा.

"मिस्त्री, बघितलास?"

"बघितलो."

"खिळं वढतंय त्येच चुंबक. ह्येनंच रंग वढलाय." स्पीकर त्यानं मांडीवर घेतला.

मी म्हणालो, "सांगितलास तर काम गेलं तुझं."

"न्हाई सांगितलो तर किल्ली गेली तिची."

रविवारी सिनेमाला सगळं गाव जमलं. अप्पा उठला, टीव्हीसमोर उभा राहिला. मागून कुणी ओरडलं, "अप्पा, काचेचा हाईस काय? बस खाली." अप्पानं स्पीकर उचलला आणि त्याची चुंबकाची पाठ पुढं करून थेट काचेच्या मधोमध धरला. सिनेमातली नवरी निळी-हिरवी झाली. स्पीकर बाजूला केला, तरी ती तशीच.

"हे माझं काम हाय," अप्पा म्हणाला. "बाईच्या फडक्याचं न्हाई. किल्ली तिच्यापाशीच ऱ्हाईल."

सरपंच उठले. "गावाचा टीव्ही नासवलास, वर भाषण करून राहिलास? उचल तुझं सामान. चावडीत पाय ठेवू नको."

"ठेवत न्हाई," अप्पा म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला. एकही गाठ न पडू देता.

पुढं लातूरहून मेकॅनिक आला. वायरीचं एक कडं त्यानं काचेसमोर गोल गोल फिरवलं आणि रंग जागेवर आले. माझ्या कपाटातल्या त्या दोन कप्प्यांत शांताबाईनं पोरांच्या पाट्या ठेवल्या, निवृत्त होईपर्यंत. अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा म्हणतो, बाबा, आताच्या टीव्हीला चुंबकाचं काही होत नाही. होत नसेल. माझ्या घरात स्पीकर टीव्हीपासून लांबच राहतो, आणि का ते विचारणाऱ्याला मी अप्पाची गोष्ट सांगतो.

पण त्या रविवारी हे काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसत होतं की खरं बोलणारा माणूस बाहेर गेला आणि गाव आत बसून हिरवी नवरी बघतंय. सोमवारी उजाडताच मी माझी शिडी खांद्यावर घेतली आणि अप्पाच्या दारात उभा राहिलो.

"चल. चावडीसमोरच्या लिंबावर स्पीकर बांधू. तिथनं चुंबक पोचत न्हाई."

"सरपंच नको म्हणलाय."

"चावडीत नको म्हणलाय. लिंब रस्त्यावर हाय. आतली वायर मी जोडतो."

अप्पानं शिडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तोंड हितं आन आवाज झाडावर? म्हातारपणी मला हे करायला लावतूस, मिस्त्री?"

"हाव."

त्यानं विभूती लावली, वायर खांद्यावर टाकली आणि माझ्यापुढं चालायला लागला. शिडी मी धरली. चढला तो.