काळ्या कागदाचा कोपरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दादा झोपलेला असताना मी तीन वेळा खिडकीवरच्या काळ्या कागदाचा कोपरा उचलला. मुद्दाम. त्याच्या तोंडावर ऊन पडावं म्हणून.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुधाकर. डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता, कायमच्या रात्रपाळीला. सकाळी साडेसातला ठाकुर्लीच्या आमच्या खोलीवर यायचा, आंघोळ करायचा, चहाबरोबर दोन चपात्या खायचा आणि बाहेर नळावर भांडी घासणाऱ्या बायकांना दारातूनच सांगायचा, "आमची रात्र झाली. तुमचं चालू द्या." मग दार ओढून घ्यायचा. खिडकीला त्याने काळा कागद ठोकला होता. त्याचा खालचा एक कोपरा सुटलेला असायचा.

रात्रपाळी त्याने मागून घेतलेली. मी चित्रकला शिकत होतो, खोली एक, आणि मला रात्री दिवा लावून बसावं लागायचं. "रात्री तुझा दिवा, दिवसा माझा अंधार," तो म्हणायचा. "खोली एकच आहे, भांडायचं कशाला?" कुणी लग्नाचं काढलं की म्हणायचा, "दिवसा घोरणारा नवरा कोण करून घेणार?" समोरचा हसायचा आणि विषय तिथेच संपायचा. काही वर्षांत त्याचा रंग पिठासारखा झाला. उन्हात गेला की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून डावा हात कपाळावर धरून चालायचा. त्या हाताच्या तर्जनीचं एक पेर बॉयलरच्या कामात गेलेलं होतं.

शिकून बाहेर पडलो तेव्हा नौपाड्यातल्या एका दिवाळी अंकाने मला पहिलं मोठं काम दिलं. विज्ञानकथा होती, काळयंत्राच्या जुन्या कथांच्या वळणाची. एक माणूस यंत्रात बसून लाखो वर्षं पुढे जातो, तर माणसाच्या दोन जाती झालेल्या. वरचे नाजूक, फळं खाणारे, दिवसभर खेळणारे. खालचे जमिनीच्या पोटात यंत्रं चालवणारे, पांढुरके, उजेड न सोसणारे. अंधार पडला की ते वर येतात आणि वरच्यांना खातात. संपादक म्हणाले, "मुखपृष्ठावर खालचा हवा. पण भुतासारखा नको. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा एकेकाळी आपल्यातलाच होता."

आठ दिवस जमेना. मग एका दुपारी घरी बसलो असताना माझं लक्ष दादाकडे गेलं.

पहिल्यांदा कोपरा उचलला तेव्हा त्याने नुसती मान वळवली. दुसऱ्यांदा डोळे गच्च मिटले. तिसऱ्यांदा डावा हात चेहऱ्यासमोर धरला आणि बोटांच्या फटीतून माझ्याकडे बघितलं.

"काय रे दिन्या, वाजले किती?"

"काही नाही. झोप तू."

वही माझ्या मांडीवर उघडी होती.

चित्र त्याच दिवशी उतरलं. चेहरा थोडा बदलला, पण हात तसाच ठेवला. बोट अख्खं दाखवता आलं असतं. नाही दाखवलं, कारण त्या तुटक्या बोटामुळेच चित्र उभं राहत होतं, आणि हे मला कळत होतं. संपादक खूश झाले. "वरचे तुझे कॅलेंडरवरच्या बाळांसारखे झालेत. खालचा मात्र जिवंत आहे. कुठून आणलास?"

"डोक्यातून," मी म्हणालो.

अंक आला तेव्हा मी काही बोलायच्या आत दादा पाच प्रती कारखान्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाला, "वाचली गोष्ट. बरी आहे. एकच राहिलंय."

"काय?"

"खालच्याला वरचा कोण लागतो, ते लिहिलंच नाही त्याने." चपातीचा तुकडा चहात बुडवला. "चित्र मस्त. हात चांगला जमलाय."

मग नळावरच्या बायकांना आपली रात्र झाल्याचं सांगून झोपला. तो सुटलेला कोपरा त्याने त्यानंतरही कधी ठोकला नाही.

त्या मुखपृष्ठावर मला कामं मिळत गेली. मी ठाण्याला फ्लॅट घेतला. दादाला "इकडे ये" म्हणायचो, तो म्हणायचा, "तुझ्या घराला फार खिडक्या आहेत रे." तेव्हापासून मी सणावारालाच ठाकुर्लीला जायचो आणि आम्ही पाण्याबद्दल, भाड्याबद्दल, गावच्या घराच्या कौलांबद्दल बोलायचो.

मागच्या वर्षी तो गेला. छातीचं दुखणं होतं. मी जे करायचं ते सगळं केलं, फोन केले, सह्या केल्या, भटजींना वेळ विचारली. आत काही हललं नाही. अजून हललेलं नाही.

तेराव्याला कारखान्यातले शेलार आले. म्हणाले, "खालचे दादा गेले, आमची पाळीच संपली."

"खालचे?"

"अहो, तुमच्या त्या चित्रापासून. रिटायर होईपर्यंत सगळे खालचाच म्हणायचे त्याला. मॅनेजरसुद्धा. सुरुवातीला आम्ही फार चेष्टा केली, भावाने तुझं भूत केलं म्हणून. तर म्हणाला, गप बसा रे, मी स्वतः बसलेलो त्याच्यासमोर. चार तास. हलायचं नाही, हात खाली करायचा नाही. तुम्हाला जमेल काय?" शेलार हसले. "खरंच चार तास बसवलेलं का हो त्याला?"

मी हो म्हणालो.

खोली अजून सोडलेली नाही. कागदही खिडकीवर आहे. इतक्या वर्षांत मी हजारो चेहरे काढले, पण उघड्या डोळ्यांचा दादा माझ्याकडे एकही नाही. मी त्याला कधी समोर बस म्हणालोच नाही. त्याने माझ्यासाठी सांगितलेले ते चार तास, दिवसाउजेडी, त्याला विचारून, मला अजून त्याला द्यायचे आहेत.