चकचकीत बाजूची विभूती

धाकट्या दिरांनी भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितलं. आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरचं विंडोज सुरू होईना, म्हणून तो जाणार होता आणि त्याच्याबरोबर माझं टेबलही. यापुढे बिलं ते स्वतःच्या लॅपटॉपवर करणार होते.

"वैनी, तुमी घरी आराम करा की."

मला आराम नको होता. टेबल हवं होतं. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम बसवायचं मी ठरवून टाकलं.

हा कॉम्प्युटर पेनड्राइव्हला दाद देत नसे, डिस्कच लागे. लॅपटॉपला जोडायचा डिस्क रायटर मागवला, दिरांच्याच लॅपटॉपवर लिनक्सची इमेज फाइल, म्हणजे आख्ख्या डिस्कचा एकच गठ्ठा, उतरवली आणि डिस्कवर घेतली. कॉम्प्युटर ढिम्म. डिस्क उघडून पाहिली तर आत एकच भलीमोठी फाइल. मी ती नुसती कॉपी केली होती. इमेज म्हणून बर्न केली असती, म्हणजे तो गठ्ठा डिस्कवर उलगडला असता, तर आत फोल्डर दिसले असते.

शुक्रवारी दुसरी डिस्क नीट बर्न केली, वेग कमी ठेवून. तपासणीत एकही चूक निघाली नाही. सवयीप्रमाणे वर मार्करने नाव लिहिलं आणि घरी टेबलावर ठेवली.

शनिवारी ऑफिसात लावली. पडद्यावर अक्षरं धावली आणि मध्येच अडकली. डिस्क वाचता येत नाही म्हणे!

"आता तरी सोडा," दीर म्हणाले. "माणूस वजनकाटा घेऊन दारात उभाय."

"उभा राहू दे. काल चांगली असलेली डिस्क आज का बिघडली, ते कळल्याशिवाय मी हलणार नाही."

डिस्क काढून उलटी केली. जिच्यावरून डिस्क वाचली जाते, त्याच चकचकीत बाजूवर विभूतीची तीन बोटं! सासूबाई मैंदर्गी गावच्या, पक्क्या शिवभक्त. विभूती लावल्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही, हा त्यांचा नेम. फोन केला.

"मग कुटं लावू?" त्या उलट मलाच म्हणाल्या. "वरच्या अंगाला तू लिवलंवतंस की. अक्षरावर लावत न्हाईत. खालची बाजू कोरी व्हती."

पुसायला गेले तर राखेने ओरखडे उठले.

"भाऊजी, लॅपटॉप द्या."

"आता कशाला?"

"तिसरी डिस्क करायला."

ती होईपर्यंत भंगारवाल्याला चहा पाजला. मग डिस्क लावली. अक्षरं धावली आणि या वेळी अडकली नाहीत. कोणती भाषा हवी, असं पडद्याने विचारलं. मी मराठी निवडली.

भंगारवाल्याच्या हातात दोन बाद डिस्क ठेवल्या.

"बस, एवढंच?" त्याने दिरांकडे पाहिलं.

"एवढंच," मी म्हणाले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.