सतरंजीखालचं पाणी

सुमे, जवळ असतीस तर कान धरला असता तुझा. आपलं रिकामं घर विकायला काढलंस ते ठीक. पण पाणी भरलेल्या तळघराच्या झाकणावर सतरंजी टाकायचा दलालाचा सल्ला ऐकलास?

काल रांगतं मूल कडेवर घेऊन एक बाई घर बघायला आली. दलाल सतरंजीवर पाय रोवून उभा. मी म्हटलं, "सरका." आणि झाकण उचललं. खाली तिसऱ्या पायरीपर्यंत काळं पाणी. दर श्रावणात मी त्याला हळदकुंकू वाहून बजावायचे, इथंच थांब. ते थांबायचं.

"आजी, सौदा मोडलात," दलाल गुरकावला. मोडू दे. साचलेलं पाणी वैर धरत नाही गं, झाकलेलं धरतं.

तूही चिडली असशील. भांडायला का होईना, लवकर ये.