काळूनाना आणि क्लबाची सोयरीक

कोणाची मुलगी द्यायची असली की काळूनाना मुलाचं घर बघायला ठरलेल्या दिवशी कधीच जात नसत. त्याच्या चार दिवस आधी, भर जेवणाच्या वेळेला, "बैल इकायचा हाय असा ऐकला," म्हणत ते त्या दारात उभे राहायचे. बैल बहुतेक नसायचाच. पण तेवढ्या वेळात ओटी झाडलेली आहे का, सासू घरातल्या पोरींना हाक कशी मारते, अवचित पाहुणा बघून बाईच्या कपाळाला आठी पडते का, हे सगळं नाना बघून घेत. "सांगून गेला का घर नटतं," ते म्हणायचे. "न सांगता गेला का दिसतं."

सापगावात आमच्या घराला लागून त्यांचं घर. अंगाने किरकोळ, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, आणि चप्पल मात्र कायम कोणाच्या तरी लग्नात बदलून आलेली. शेती मुलं बघायची आणि नाना शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सोयरिकी जमवत फिरायचे. मध्यस्थाने थोडी थाप मारायचीच असते, असं त्यांचं उघड मत होतं. दोन खोल्यांच्या ते तीन करत, पण दारुड्याला निर्व्यसनी कधी म्हणत नसत. दोन्हीकडच्या शंका संपत आल्या की मांडीवर थाप मारून म्हणत, "जमला म्हणून समजा!" एवढं म्हटलं की आमच्याकडे लोक मांडवाचे बांबू बघायला लागायचे.

माझं लग्नही त्यांनीच जमवलं. मुरबाडला माझ्या सासरी ते त्यांच्या रिवाजाप्रमाणे बैलाचं निमित्त काढून गेले, आणि तिथे नेमका विकायचा बैल निघाला! सासरे त्यांना थेट गोठ्यात घेऊन गेले. नानांना अर्धा दिवस दात मोजत, वशिंड चाचपत काढावा लागला. शेवटी "शिंगं जरा वाकडी हायत" म्हणून त्यांनी सुटका करून घेतली. आमच्या बैलाची शिंगं सरळ होती, हे सासरे मला अजून ऐकवतात.

असा हा माणूस फुटबॉलच्या वाटेला गेला तो माझ्या धाकट्या भावामुळे, संतोषमुळे. भात कापून झालं की आमच्याकडची पोरं मोकळ्या शेतात पार उन्हाळ्यापर्यंत अनवाणी फुटबॉल खेळत. दोन हजार सालाच्या आसपास मुंबईच्या एका मोठ्या क्लबाने शहापूरला शिबिर घेतलं. शिकवायला फर्नांडिस सर होते. मूळचे वसईकडचे, त्यामुळे मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी संतोषला निवडलं. क्लब त्याला मुंबईला स्वतःच्या वसतिगृहात ठेवणार, शाळेत घालणार, आपल्या मुलांच्या संघातून खेळवणार, आणि अठराचा झाला की मोठ्या संघासाठी पगारी करार करणार, असं सर सांगत होते. आमचे बाबा मुळातच कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "आपला पोरगा लोकांच्या घरी कशाला ठेवायचा?" सर दोनदा येऊन हात हलवत परत गेले. तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं, काळूनानांना भेटा.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सोयरीकच की! पोरगा द्यायचा, एवढाच काय तो फरक."

फुटबॉल त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. गोलकीपरला बघून त्यांनी सरांना विचारलं होतं, "या एकट्याला हात लावायला देता, मंग बाकीच्यांनी काय पाप केला?" पण घर बघणं त्यांना कळत होतं. न सांगता ते आसनगावला गाडीत बसले आणि मुंबईला वसतिगृहाच्या फाटकाशी, अर्थातच जेवणाच्या वेळेला, जाऊन पोचले. मुंबईत बैलाचं निमित्त चालेना, म्हणून रखवालदाराला सांगितलं, "मी पोराचा मामा." कोणत्या पोराचा, हे त्याने विचारलं नाही. सरांना ते सापडले तेव्हा नाना स्वयंपाकघरात आचाऱ्याशेजारी उभे राहून डाळ चाखत होते. "डाळ पातळ हाय," त्यांनी निकाल दिला, "पण पोरं पोटभर मागून घेतात. मागायला लाजत नायत. घर बरा हाय."

मग त्यांनी सरांना समोर बसवून एकेक विचारलं. शाळा चुकली तर कोण बघणार? ताप आला तर रात्री जवळ कोण? पाय मोडला तर खर्च कोणाचा? सणाला घरी पाठवणार का? सरांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. एकच गोष्ट नानांनी विचारली नाही. अठराव्या वर्षी पोरगा क्लबाला नको झाला तर काय? पुढे मी त्यांना हे बोलले तेव्हा ते म्हणाले, "बाय, मुलगी देताना असा कोण इचारतो का गो?"

परत आल्यावर बाबांच्या समोर बसून त्यांनी मांडीवर थाप मारली. "जमला म्हणून समजा!"

बाबांनी ते शब्दशः धरलं. सगळ्या गावानेच धरलं. संतोष निघाला तेव्हा आळीला जेवण झालं, बायांनी त्याला ओवाळलं, आईने तांदळाच्या पापडांचा डबा भरून दिला. नाना नवी टोपी घालून पुढे चालत होते, आणि पंधरा वर्षांचा माझा भाऊ लाजेने लाल होऊन मागून. एका म्हातारीने तर त्याला "सासरी नीट राहा रे" म्हणून सांगितलं. सगळे हसले, मीही हसले.

तीन वर्षं तो तिथे राहिला. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा, दर वेळी थोडा उंच होऊन. नाना एसटीत, बाजारात, कोणाच्या बारशाला सांगायचे, "आमचा पोरगा तिकडं मस्त नांदतोय. आता करार झाला का पेढे." बाबा मात्र कोणी पेपर टाकून गेलं की क्रीडापान काढून आधी स्वतः बघत. त्यात आमच्या पोराचं नाव कधी नसायचं, तरी बघत.

मे महिन्यात एका दुपारी संतोष माझ्या मुरबाडच्या घराच्या दारात उभा राहिला. खांद्यावर बॅग, हातात बूट. अठरा पूर्ण झालेल्या मुलांना सरांनी एकेकाला बोलावून सांगितलं होतं. काहींशी करार झाले होते. याला सोडलं होतं. "ताई, घरी सांगू नको," एवढंच म्हणाला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला. माझ्या मिस्टरांनी त्याला बाजारात चल म्हटलं, मैदानाकडे चल म्हटलं. तो उठला नाही.

पण अशा गोष्टी लपतात कुठे? क्लबातला दुसरा कोणीतरी कोणाला तरी बोलला आणि ते सापगावात पोचलं. आणि गावाने त्या गोष्टीला नाव दिलं. "संतोष नांदला नाय." परत आलेल्या पोरीबद्दल आमच्याकडे असं म्हणतात. त्यात दोष कोणाचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. जोरात बोलली असेल, कामचुकार असेल, काहीतरी केलंच असेल. आता तेच माझ्या भावाबद्दल चाललं होतं. पोरगा चोरी करताना धरला म्हणे, दारू प्यायला म्हणे. आई विहिरीवर जायची बंद झाली. बाबा शेतात राब भाजायला सकाळी जायचे ते अंधार पडल्यावरच यायचे. इकडे संतोष मला म्हणाला, "मी आता सापगावला जाणारच नाही. भिवंडीला गोडाऊनला लागतो. तिथे मला कोण ओळखतं?" मला माझा भाऊ हातातून सुटताना दिसत होता, आणि काय करावं सुचत नव्हतं.

तेव्हा नाना आले. जेवणाच्याच वेळेला. पण या खेपेला कसलंही निमित्त नव्हतं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि संतोषला बाहेर बोलावलं.

"संत्या, तुज्या बापाला 'जमला' म्हणून कोणी सांगितला? तू का मी?"

"तुम्ही."

"मंग तोंड मी लपवायचा का तू?"

"लोक काय म्हणतात ते ऐकलंत ना, नाना?"

"ऐकला. मी तुला वाजवत नेला म्हणून तर म्हणतात ना." त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "तू एवढ्यात कुठं जाऊ नको. रविवारी सापगावला ये, ताईला घेऊन. मागच्या दारानं ये पायजे तर. पण ये."

माझ्या हातचं न जेवता नाना गेले, असं त्या एकाच दिवशी झालं.

ते थेट मुंबईला गेले. तिथलं बोलणं मला नंतर सरांनीच सांगितलं. नाना म्हणाले, "पोर परत करायचा तर बापाच्या दारात येऊन सांगायला लागतं. ही आमच्याकडची रीत." सर म्हणाले, "नाना, दर वर्षी किती मुलं सोडावी लागतात तुम्हाला माहीत नाही. मी किती घरी जाऊ?" नाना म्हणाले, "जितक्या घरातनं आणलीस तितक्या." वयाने धाकट्या माणसावर नाना रागावले की त्याला अरेतुरे करत. सर वाईट माणूस नव्हते. आपण हे चुकवत आलो, हे त्यांना आतून ठाऊक होतं, असं ते मला म्हणाले.

रविवारी मी आणि संतोष किन्हवलीमार्गे एसटीने आलो आणि खरोखरच मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलो. थोड्या वेळाने नाना सरांना घेऊन आले. आई सतरंजी आत टाकत होती, तर नाना म्हणाले, "आत नको. वटीवरच बसू." सोयरिकीचं बोलणं आमच्याकडे आत होतं. पण नानांना ते आख्ख्या आळीला ऐकवायचं होतं. कोणी पाणी भरायच्या, कोणी कोंबड्या शोधायच्या निमित्ताने हळूहळू अंगणात माणसं जमली. संतोष चुलीजवळ गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुमच्या मुलाला आम्ही पुढे घेऊ शकत नाही. त्याच्या जागेवर खेळणारे आमच्याकडे तिघं आहेत आणि मोठ्या संघात एकालाच घेता येतं. ज्याला घेतलं तो त्याच्यापेक्षा चपळ आहे. संतोषने मेहनत कमी केली नाही. तो निर्णय माझा होता, आणि तो घरी सांगायचं त्याच्या एकट्यावर टाकलं, हे माझं चुकलं."

बाबांनी जमिनीकडे बघतच विचारलं, "पोरानं काय वावगा केला?"

"नाही."

"चोरी? दारू? कोणाला उलटून बोलला?"

"नाही हो. वसतिगृहातला सगळ्यात सरळ मुलगा होता तो."

बाबांनी मान वर करून अंगणाकडे बघितलं. मग आयुष्यात कधी बोलले नसतील एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, "पानं वाढा गो! सर जेवल्याबिगर जाणार नायत."

मला रडू आवरेना. वालाच्या बिरड्यात पदर पडू नये म्हणून सावरत मी तशीच वाढत होते. संतोष उठला, हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला. शिमग्यानंतर बाप-लेक पहिल्यांदाच समोरासमोर आले. बाबा त्याला म्हणाले, "ठेव तो तांब्या. हात धू नि बस माज्या बाजूला." नाना हळूच चपला शोधायला लागले होते, तेवढ्यात बाबांनी त्यांनाही हटकलं. "नाना, तू खाली बस. तू गेलास तर मी घास घेणार नाय." आणि काळूनाना, ज्यांनी शेकडो पोरींना सासरी धाडताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते माझ्या भावाच्या शेजारी बसून भातावर रडले.

गावाचं तोंड लगेच बंद झालं नाही. भाताच्या आवणीपर्यंत कुठे कुठे चालू होतं, मग लोकांना दुसरे विषय मिळाले. संतोष आसनगावजवळ एका कंपनीत लागला आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना फुटबॉल शिकवायला लागला. नानांचा धंदा मात्र बसला. "जमला म्हणून समजा" म्हणणं त्यांनी सोडून दिलं, अगदी लग्नांतसुद्धा. "बोलणी चालू हायत" म्हणणारा मध्यस्थ कोणाला हवा असतो? उलट क्लब निवडायचा त्या पोरांच्या घरी ते सरांबरोबर जायला लागले. पोर नेताना जायचे आणि सोडलं तर सांगायलाही सरांना घेऊन जायचे.

शेवटच्या दिवसांत नानांना धाप लागायची. मुरबाडच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीवर संतोषला एक चांगला खेळणारा मुलगा सापडला होता. त्याच्या घरी जाताना नानांनी मला सोबत घेतलं, चढावर हात धरायला. त्या मुलाशी पुढे क्लबाने मोठ्या संघाचा करार केला, पण ते बघायला नाना राहिले नव्हते. त्या दिवशी सर शाळेचं, जेवणाचं, डॉक्टरांचं सांगत होते. मुलाचा बाप माना डोलवत होता. आई दाराशी नाचणी पाखडत होती, तिचं लक्ष नाही असं वाटत होतं. सरांचं झाल्यावर नानांनी दम घेतला आणि बापाला सोडून तिलाच विचारलं, "बाय, तीन वर्सांनी ह्यांनी पोर परत पाठवला, तर त्याला काय बोलशील?"

तिचं सूप थांबलं. प्रश्नच वेडगळ आहे, अशा नजरेने तिने नानांकडे बघितलं.

"काय बोलायचा? जेवलास का, इचारीन."

नाना सरांकडे वळले आणि म्हणाले, "न्या."