पडद्यावरचं लाल तोंड

"ती लाल तोंडवाली कोण आहे? उभी राहा!"

प्राचार्य सर माइकवर बोलले अन् अख्खं सभागृह खदाखदा हासलं. पडद्यावर माझं नाव होतं, बाजूले लाल रडका चेहरा. कॉलेजनं आमच्या मोबाइलात ॲप टाकून देल्लं होतं. मन बरं असलं की हिरवा हासरा चेहरा दाबायचा, नसलं की लाल. "कोणालाही दिसणार नाही," असं याच सरांनी सांगतलं होतं. मी येडी, खरं दाबत गेली.

"तांड्यावरच्या मुलींनाही डिप्रेशन येतं का? फुकटचं होस्टेल, फुकटचं जेवण. अजून काय पाहिजे?"

मी पायाकडे पाहत राह्यली. थू माझ्या जिनगानीवर, असं वाटलं.

मंग सर म्हणे, आता लाल आलं की घरी मेसेज जाईल. आमच्या तांड्यातल्या साऱ्या पोरींच्या फॉर्मवर घरचा नंबर एकच, नायकाचा. तांड्याचा कारभार तोच पाह्यते. त्याच्या फोनवर मेसेज म्हणजे दवंडीच. पोरीचं डोस्कं फिरलं म्हणतीन, अन् कॉलेज बंद.

दुसऱ्या दिवशी सारं कॉलेज हिरवं, मी बी. सर खूश!

माझ्या खोलीतली रेणुका बी हिरवी. माझ्याच तांड्यातली. दोन दिवसांपासून अन्नाले शिवली नव्हती. हिरवं दाबलं अन् भिंतीकडे तोंड करून निजली. हात धरला त थंडगार.

"मले जगावंसंच नाही वाटत वं. सांगू नको कोणाले. मेसेज जाईन."

मले लय भेव वाटलं. मंग राग आला. पोरगी मरणाची गोष्ट करून राह्यली, अन् पडद्यावर हासून राह्यली!

तिले समजावून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं भरती करून घेतलं. तिथून मी थेट सरांकडे गेली.

"हिरवं खोटं आहे, सर. तुमच्या भेवानं दाबलेलं."

"कॉलेजचं नाव खराब करू नकोस. तूही हिरवंच दाबत राहा, नाहीतर तुझ्या नायकाला फोन लावतो."

"तुम्ही काहून? मीच लावीन."

त्यायच्यासमोर लावला. रेणुकाचं नाव घेतलं नाही. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत फक्त माझं सांगतलं: मले बरं नाही, इलाज करीन, शिक्षण सोडणार नाही. "उद्या येतो," इतकंच नायक म्हणे. मंग फोन कटला.

नायक उद्या येईन. काय करंल, माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणे, रेणुकाले एकटी सोडू नका. मी तिच्या खाटेपाशीच बसून आहो. सकाळी लालच दाबीन. अन् पडद्यावर नाव आलं, त कोणी म्हणायच्या आधी मीच उभी राहीन.